रविवारची गोळी

तुमच्या आईची उंची गेल्या दहा वर्षांत किती कमी झाली, सांगता येईल का तुम्हाला? स्कूटरचं अ‍ॅव्हरेज किती पडलं ते सांगता येईल. फ्लॅटचा भाव किती चढला तेही सांगता येईल. आईची उंची कमी होते हेच ठाऊक नसेल तर पुढचं वाचा. ठाऊक असूनही कधी विचारलं नसेल, तर नक्कीच वाचा.

असे लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात हे मला माहीत आहे. केस पिकलेले हवेत, निदान एखादी शाल मिळालेली हवी. माझे केस काळे आहेत आणि शाल मिळण्याची शक्यता नाही, कारण ज्यांच्या हस्ते ती मिळायची त्यातल्या बहुतेकांविरुद्ध मी पत्रकं काढून बसले आहे. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहते. दुकान वटारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाक्यावर. मी राहते विरार पूर्वेला मनवेलपाड्यात. दुकानाचे मालक राऊतकाका. त्यांना शेठ म्हटलेलं चालत नाही. 'शेठ म्हणालीस की पगारवाढ मागणार असं वाटतं,' असं त्यांचं म्हणणं.

माझे वडील कारखान्यात कामाला आणि कारखाना सुटला की चळवळीत. त्यामुळे आमच्या घरात पाटीपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं पत्रकांवर गिरवली, वह्यांना कव्हरं पत्रकांची घातली आणि शाळेचा डबाही पत्रकात गुंडाळून नेला. इतर मुलींना झोपताना गोष्टी सांगत. मला वडील महागाईची कारणं सांगत. फार्मसीची पदविका घेतली तेव्हा ते म्हणाले, 'छान. आता शत्रूच्या गोटात जा आणि बघ.' मी गेले आणि बघत राहिले. गोटात राऊतकाका होते आणि ते मला दुपारी कोकम सरबत देत होते. शत्रुत्व जमेना.

आता हाडांबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

हाड म्हणजे दगड, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात हाड म्हणजे मनवेलपाडा. मी राहायला आले तेव्हापासून तिथे रोज काहीतरी पाडलं जातंय आणि रोज काहीतरी बांधलं जातंय. शरीरात अशाच दोन टोळ्या असतात. पाडणाऱ्या पेशी जुनं हाड कुरतडून खड्डा करतात, बांधणाऱ्या पेशी मागून येऊन तो भरतात. पाडणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. कुठल्याही कंत्राटात असंच असतं. तरुणपणी हिशेब जुळतो. बाईची पाळी चालू असते तोवर पाडणाऱ्यांवर एक कडक मुकादम नेमलेला असतो, त्याचं नाव इस्ट्रोजेन. पाळी गेली की मुकादम नोकरी सोडतो आणि टोळी मोकाट सुटते. खड्डे वाढतात, भराव कमी पडतो, आतली भिंत जाळीसारखी होते. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही. मग एक दिवस बाई साधी बादली उचलते आणि पाठीचा मणका चेपतो. मणके असे एकेक चेपत गेले की बाई बुटकी होत जाते. आपण म्हणतो, वय झालं.

कॅल्शियम म्हणजे या कामावरचं सिमेंट. ड जीवनसत्त्व म्हणजे फाटकावरचा वॉचमन, जो सिमेंटचा ट्रक आत सोडतो. दोन्ही लागतातच. पण पाडणारी टोळी सुटलेली असताना नुसत्या सिमेंटच्या गोण्या ओतून इमारत उभी राहत नाही. मी दुकानात नवी होते त्या काळात आमच्याकडे हाडांसाठी येणारी निम्मी गिऱ्हाईकं गोण्याच न्यायची: गुलाबी टॉनिक, हिरवं टॉनिक, बाटलीवर धावणारा घोडा. मी प्रत्येकाला काउंटरवर अडवून घोड्याबद्दल माझं मत ऐकवायची. राऊतकाका मागून म्हणायचे, 'अगं, विकायला ठेवलंय ते. प्रदर्शन नाही.'

आणि मग ती गोळी आली. ती काही बांधत नाही. ती हाडाच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटते. पाडणारी पेशी हाड कुरतडताना तिलाही गिळते आणि हातातला हातोडा खाली ठेवते. बांधणाऱ्यांना तेवढाच अवधी मिळतो. युनियनवाल्याच्या मुलीने टोळी मोडणाऱ्या औषधाची वकिली करावी, हे वडिलांना फारसं रुचलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की या टोळीला कुठलीच मागणी नाही, नुसतीच तोडफोड आहे. तेव्हा कुठे त्यांनी परवानगी दिली.

गोळी गुणाची, पण स्वभावाने तिरसट. आठवड्यातून एकदाच घ्यायची. पोट रिकामं हवं. चहा, दूध, पाव, काहीही पोटात असलं तर ती अंगी लागतच नाही. ग्लासभर साध्या पाण्याबरोबर सरळ पोटात पोचली पाहिजे; वाटेत अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथेच जाळते. म्हणून नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं किंवा चालायचं. सासूची तब्येत सांभाळणं सोपं, हिची कठीण.

ज्यांना ही गोळी सोसत नसे, त्यांच्यासाठी तेव्हा एक नाकात मारायचा फवाराही निघाला होता. त्यातलं औषध माशाच्या शरीरातल्या रसाच्या नमुन्यावर बनवलेलं. राजोडीची एक मासळीवाली बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली तेव्हा मी मोठ्या उत्साहात तिला हे सांगितलं. तिने बाटली हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, 'कोनता मासा?' मी म्हटलं, परदेशातला, थंड पाण्यातला, रावसासारखा. तिने किंमत विचारली. ती ऐकून बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, 'येवढ्यात मी तुला टोपली भरून देते. तू घाल नाकात.' तिला पटवायला मला तीन फेऱ्या लागल्या. शेवटी तिने फवारा नेला आणि बाजारात सगळ्यांना सांगितलं की मेडिकलवाली पोरगी नाकातून मासे खायला शिकवते.

पण मला सांगायचं आहे ते मार्सेलीन आजीबद्दल.

आजी वटारची. केळी, पानवेली, अबोली असलेली वाडी, विहीर आणि अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं. घरात वसईच्या ख्रिस्ती लोकांची जुनी बोली बोलायची; माझ्याशी शाळेतली मराठी, मधूनच घरची. गावातल्या तीन पिढ्यांची पोरं तिच्या ओटीवर बसून प्रार्थना शिकलेली. फादर बदलत, आजी तीच. केळीचा लोंगर उचलताना तिच्या पाठीत कट् झालं आणि फोटोत मणका चेपलेला निघाला. मनगट आधीच एकदा मोडून झालं होतं. विरारच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढची पाळी खुब्याची. पडलात तर तिथे मोडेल.

खुबा म्हणजे काय ते आजीला सांगावं लागलं नाही. तिची थोरली बहीण मोरीत घसरून पडली होती. खुबा मोडला आणि ती जी खाटेवर गेली ती परत उठली नाही. खाट भिंतीला लावलेली, कूस एकच जमायची, म्हणून शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होती. आजीने मला हे काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगितलं, बाकीची गिऱ्हाईकं ऐकत असताना. म्हणाली, 'मरायला मी भीत नाय. पण भिंतीकडे बघत मरायचं नाय. मला वाडी दिसली पायजे.'

मी तिला गोळीचे सगळे नियम समजावले. वार एकच ठेवा, सकाळी अनशापोटी, ग्लासभर साधं पाणी, चावायची नाही, नंतर काही खायचं नाही, ताठ बसायचं. आजी डोळे मिटून ऐकत होती. सोबत आलेली तिची सून फिलू घाबरून बोटांवर नियम मोजत होती. आजीने विचारलं, वार कुठला? मी म्हटलं, तुमच्या लक्षात राहील तो. 'मग आयतवार,' आजी म्हणाली, आणि मान डोलावली. 'हे सगळं मला ठाऊक हाय.'

मला वाटलं, किती समजदार गिऱ्हाईक. नियम ऐकून लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. ही तर जन्मभर हेच करत आल्यासारखी निघून गेली.

आजी जे करी ते गाव करी. त्या सुमाराला टाचेची हाडं तपासायचं एक शिबिर झालं. अशा शिबिरांबद्दल माझं मत तिखट आहे, पण डॉक्टरांनी त्यातल्या बायकांना नीट मोठ्या तपासणीला पाठवलं आणि ज्यांना खरोखर गरज होती त्यांनाच गोळी लिहून दिली. आजीच्या रोजरी मंडळातल्या, म्हणजे जमून जपमाळ म्हणणाऱ्या, पाच-सहा जणी त्यात निघाल्या. त्या दुकानात आल्या तेव्हा मी नियम सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, नको, आम्हाला मार्सेलीनने शिकवलंय. मी खूश. जनता जनतेला शिकवतेय, याहून मोठं काय असतं? रात्री वडिलांनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या महिन्यात दुकानातली तोंड आल्यावर लावायची जेली संपली.

आधी फिलू आजीसाठी घेऊन गेली. मग रोजरी मंडळातली एक, मग दुसरी. सगळ्यांच्या जिभा सोललेल्या, टाळूला फोड. हाडांच्या डॉक्टरांकडे कोणी गेलं नाही, कारण तोंड आलं तर हाडांच्या डॉक्टरकडे कशाला जायचं? गावात मात्र निदान झालं होतं. या गोळीने खोटं बोलणाऱ्याची जीभ भाजते. जिने जास्त चहाड्या केल्या तिला जास्त फोड. एक गृहस्थ मुद्दाम दुकानात येऊन विचारून गेले की ही गोळी हाडं चांगली असलेल्या माणसालाही देता येते का, त्यांच्या मेहुणीसाठी हवी होती. राऊतकाकांनी गंभीरपणे सांगितलं की चिठ्ठीशिवाय देत नाही, नाहीतर गाव ओस पडेल.

मी हसले नाही. मी पेटले. एका गावातल्या इतक्या बायका, एकच गोळी, एकच लक्षण. यात कंपनीचा हात नसेल तर कोणाचा? माल खराब आला असणार. नाहीतर भेसळ. नाहीतर गरीब गावात मुद्दाम पाठवलेला दुय्यम माल. वटार काही गरीब गाव नव्हतं, पण पत्रकात ते गरीबच असावं लागतं.

कंपनीचा प्रतिनिधी शिंदे नावाचा एक घामाघूम तरुण होता. मे महिन्यातही टाय बांधायचा. मी त्याला काउंटरसमोर उभा करून फैलावर घेतलं. तो म्हणाला, मॅडम, हाच माल वसईत जातो, नालासोपाऱ्यात जातो, कुठेच तक्रार नाही. मी म्हटलं, तक्रार करायला जीभ लागते. शिंदेने टाय सैल केला आणि वर कळवतो म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नसावं.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'भगिनींनो, तुमची जीभ कोणी जाळली?' खाली भांडवल, नफा, स्त्रीचं शरीर, तिसरं जग, सगळं होतं. आजीचं नाव नव्हतं, पण 'आमच्या एका श्रमजीवी मातेचा मूक आक्रोश' होता. खरं तर आजी मूक कधीच नव्हती. जीभ सोललेली असतानाही ती फिलूला वाडीच्या दुसऱ्या टोकावरून हाका मारत होती. सकाळी पत्रक राऊतकाकांपुढे ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, 'जोरदार आहे. पण ती कुठल्या पाकिटातली गोळी घेते ते तू पाहिलंस का?'

मी पाहिलं नव्हतं.

'मग आधी जाऊन पाकीट बघ. क्रांती सोमवारी करू.'

तेवढ्यात फिलू आली आणि तिने सांगितलं की आजीने ठरवलंय, हा आयतवार शेवटचा. पाकिटात एक गोळी उरली आहे, ती टाकायला जीव होत नाही म्हणून घेणार. पुढची आणायची नाही. तोंडाने प्रार्थना म्हणता येत नाही, मासळी खाता येत नाही, मग हाडं टिकवून करायचं काय? आणि आजीने सोडली की मंडळातल्या सगळ्या सोडणार. फिलू अगदी हळू बोलत होती. बहिणीची ती खाट अजून माळ्यावर आहे, म्हणाली.

रविवारी पहाटे पहिली एस.टी. पकडून मी वटारला गेले. पाकीट जप्त करायचं, त्यावरचा नंबर घ्यायचा आणि लढाई सुरू करायची, असा बेत. आजी मिस्सेला जायच्या तयारीत होती. स्वच्छ लुगडं, केस विंचरलेले. मला पाहून म्हणाली, बस, आधी माझी गोळी होऊ दे.

तिने ग्लासभर पाणी घेतलं, चुळा भरल्या, उरलेलं सगळं पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं. मग भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीपुढे ताठ उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. फिलूने पाकिटातून गोळी काढून दोन बोटांनी तिच्या जिभेवर ठेवली. आजीने तोंड मिटलं. मान खाली घातली. आणि तशीच उभी राहिली.

मी वाट बघत राहिले. पाणी नाही. गिळणं नाही. चेहऱ्यावर वेदना आणि शांती, दोन्ही. ओटीवर कोंबडी फिरत होती आणि आजीच्या तोंडात गोळी विरघळत होती.

ज्यांना मिस्सा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्सेत फादर भाविकांना ख्रिस्तप्रसाद देतात, एक पातळ पांढरी गोल चकती. त्याआधी पोट रिकामं ठेवायचं. ती जिभेवर घ्यायची, चावायची नाही, आदराने विरघळू द्यायची आणि लगेच काही खायचं-प्यायचं नाही. वटारच्या प्रत्येक पोराला पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी हे नियम शिकवले जातात. शिकवणारी कोण? मार्सेलीन आजी. कोणी पोराने चकती दाताखाली घेतली तर त्याचा कान पिळणारीही तीच. माझे काउंटरवरचे नियम तिच्या कानात शिरले आणि तिथे आधीपासून तयार असलेल्या साच्यात चपखल बसले. रविवार, रिकामं पोट, पांढरी गोळी, चावायची नाही. पाणी उरलं, ते तिने तोंड शुद्ध करायला आधीच पिऊन टाकलं. आणि मग हीच रीत तिने मंडळातल्या सगळ्यांना शिकवली, त्यांनी ती तितक्याच श्रद्धेने पाळली. जिभा का सोलणार नाहीत?

कंपनी निर्दोष होती. माझ्या आयुष्यातला तो फार कठीण क्षण.

मी ओरडायच्या बेतात होते, पण राऊतकाकांचा चेहरा आठवून आवाज खाली आणला आणि आजीला म्हटलं, गोळी थुंका. हे मी बोलायला नको होतं. आजीने डोळे उघडले आणि असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले आहे. तिच्या आयुष्यात जिभेवर ठेवलेलं पांढरं काही कोणी थुंकलं नव्हतं. फिलूने तोंडावर हात धरला. शेवटी मीच हातातला रुमाल पुढे केला. तिने अर्धी विरघळलेली गोळी त्यावर ठेवली, पण माझ्याकडे बघायला तयार होईना. मी चुळा भरायला सांगितलं, तिने भरल्या.

'मी चुकीचं शिकवलं म्हणतेस?' एवढंच विचारलं तिने. त्यात राग कमी होता. सगळ्या गावाला प्रार्थना शिकवलेली बाई, तिच्या शिकवण्याने मैत्रिणींची तोंडं भाजली. तिला ते लगेच कळलं होतं.

मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि मनवेलपाड्याची गोष्ट सांगितली. पाडणारी टोळी, बांधणारी टोळी, मुकादम, वॉचमन. ही गोळी म्हणजे त्या टोळीसाठी पाठवलेलं औषध. तिचं काम तोंडात नाही, लांब आत हाडात आहे. तोंडात थांबली तर तिथेच भांडत बसते. पाण्याने ढकलून तिला पुढे पाठवायची. आजी ऐकत होती. फिलू म्हणाली, आपल्या पाटातलं पाणी कसं मध्येच तुंबलं की मुळं कुजतात, तसं. आजीने तिला गप्प केलं, पण ते तिला पटलं होतं, हे दिसलं.

मग आजीने विचारलं, 'ही बनवते कोण?'

'कंपनी.'

'देवाशी काय संबंध नाय?'

'काही नाही, आजी. नफ्याशी आहे.'

आजीने रुमालावरच्या गोळीकडे पाहिलं. 'मग इतके दिवस मी हिच्यापुढे हात कशाला जोडत होते?'

फिलू आधी हसली, मग मी, आणि शेवटी आजी, सोललेल्या तोंडाने, कण्हत.

मिस्सेची वेळ झाली होती. ती मला घेऊनच निघाली. इकडे ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या आवारात तिने मंडळातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की गोळी बंद करायची नाही, पण रीत बदलायची, चूक माझी. एकीने कुरकुर केली की पाण्यासकट घेतली तर उपास मोडेल. हा मुद्दा माझ्या अभ्यासात नव्हता. त्यामुळे जन्मभर धर्मसत्तेविरुद्ध पत्रकं वाचत वाढलेली मी एका पाद्रीबाबांपुढे उभी राहून विचारत होते की फादर, औषध आणि पाणी घेतलं तर चालतं का. फादर म्हणाले, नेहमीच चालत आलंय. मग मला म्हणाले, 'तुमच्या पत्रकात माझ्याबद्दल काही आहे का?' राऊतकाकांनी कोणाकोणाला सांगितलं होतं, देव जाणे. त्यांचा देव.

मी फोन केला तेव्हा डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. तोंडं बरी होईपर्यंत सगळ्यांच्या गोळ्या बंद, मग एकेकीला तपासून पुन्हा सुरू. शिंदेची मी माफी मागितली नाही. त्याला सरबत दिलं. त्याने ते माफी समजून प्यायलं. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राऊतकाका अजून उधारीची बेरीज करतात.

पुढे दर रविवारी पहिल्या मिस्सेआधी आवारातल्या चिंचेखाली लुगड्यांची एक रांग उभी राहू लागली. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. आजी मान हलवायची, सगळ्या एकदम गोळी टाकायच्या आणि घटाघट पाणी प्यायच्या. मग अर्धा तास आवारात फेऱ्या. कोणी टेकली तर आजीचा आवाज यायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, ही वसईची कुठली तरी जुनी रीत असावी.

दोन पावसाळे गेल्यावर आजी वाडीत पडली. केळीच्या सोपटावरून, म्हणजे खोडाच्या सुटलेल्या सालीवरून, पाय घसरला आणि ती पार कुशीवर आपटली. फिलू किंचाळत धावली, शेजारी धावले, कोणीतरी खाट काढायला माळ्याकडे वळलंही होतं. आजी चिखलात बसून होती. तिने स्वतःच पाय हलवून पाहिला, मग दुसरा. मग फिलूचा खांदा धरून उभी राहिली आणि म्हणाली की सोपट इथे कोणी टाकलं ते आधी सांगा. खुब्यावर ताटाएवढा काळा डाग पडला, हाड शाबूत. ते गोळीमुळे की पाण्यात मऊ झालेल्या मातीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तसं सांगणारी पत्रकं मी फाडते. ही गोळी काही जन्मभर घ्यायची नसते, काही वर्षांनी थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात, आजीची आता थांबवलीही आहे. खाट मात्र तिने त्याच आठवड्यात माळ्यावरून उतरवली आणि वाडीत नेऊन ठेवली. वर केळी सुकवते.

इथे थांबायला मला आवडलं असतं. पण त्या रांगेत आणखी एक बाई होती, शेवटच्या टोकाला उभी राहणारी, कमी बोलणारी. तोंड आलं त्या काळात तिने धसका घेतला तो घेतलाच. ती रांगेत यायची, पाणी प्यायची, फेऱ्या मारायची. गोळी मुठीतच ठेवायची. सुनेला माहीत नाही, आजीला माहीत नाही, मला तर नाहीच. दर महिन्याला तिचा मुलगा माझ्याकडून पाकीट नेत होता आणि मी समाधानाने देत होते. तिचा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, ती वॉकर घेऊन दारापर्यंत येते. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, 'कोनी विचारलंच नाय ना, गिळली का म्हनून. मला सांगायची लाज वाटली.'

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, आठवड्याची ही गोळी घेणारी एखादी बाई असेल. नसेल वाटत, तरी विचारून बघा, असते. तिचा गोळीचा वार कुठला ते माहीत करून घ्या आणि या आठवड्यात त्या सकाळी तिच्याजवळ जाऊन बसा. उपदेश करू नका, तो करायला माझ्यासारखी माणसं आहेत. ती गोळी कशी घेते ते नुसतं बघा. पाण्याचा ग्लास तुम्ही भरून द्या. मग तो अर्धा तास, ती आडवी होऊ नये म्हणून, तिच्याशी गप्पा मारा, आणि तोंडात, घशात, छातीत कुठे जळजळतं का, ते तिला विचारा.